गाडीच्या तळाशी देव

घाटकोपर स्टेशनबाहेर टांगे उभे राहत. त्यांच्या पलीकडे, चिंचेच्या सावलीत, दशरथ परबाचा खटारा असे. दोन बैल, काथ्याच्या दोरांची भेंडोळी आणि बिडी ओढत बसलेला दशरथ. तो लोकांची बिऱ्हाडं हलवून द्यायचा. बाकी कसलाच माल भरायचा नाही. कोणी विटा नेशील का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "विटांका बिऱ्हाड नसता. दुसरो खटारो बघा."

कुडाळकडचा माणूस. आधी लालबागच्या गिरणीत होता. तिथली नोकरी गेली तेव्हा गावी न जाता त्याने बैल घेतले. घरात तो एकटाच. आई होती, ती वारली. बोलण्यात सरळ, पण एखादी गोष्ट मनात बसली की बैल हलतील, दशरथ हलायचा नाही.

बिऱ्हाड हलवणारा आणि ज्याचं बिऱ्हाड हलतं तो, या दोघांचं भांडण झालं नाही असं मी तरी पाहिलेलं नाही. घर सोडताना माणूस आधीच चिडलेला असतो, आणि समोर सापडतो तो गाडीवाला. दशरथाची भांडणं मात्र वेगळ्याच जातीची. एकदा त्याने वर्सोव्याच्या एका कोळ्याचं बिऱ्हाड अंधेरीत पोचवलं आणि त्याच गाडीत तिथल्या एका वकिलांचं सामान भरलं. वकील शाकाहारी. नव्या घरी गाद्या उलगडल्या तर सुक्या बोंबलांचा वास. वकील म्हणाले, "हा वास तुझ्या गाडीचा आहे. परत घेऊन जा." दशरथ म्हणाला, "वास मी चढवूक नाय, तर उतरवू कसो?" गाद्या गॅलरीत उन्हाला पडल्या आणि खाली गल्लीतली सगळी मांजरं येऊन बसली. पुढे कित्येक दिवस दशरथ त्या घरावरून जाताना गाडी थांबवून वर विचारायचा, "वकीलसायब, मांजरां गेली?" आपण चौकशी करतो आणि वकील शिव्या देतात, याचं त्याला खरंच वाईट वाटे.

आमच्याशी त्याचं भांडण झालं ते चोपन्न साली. आम्हाला मुलुंडला दोन खोल्या मिळाल्या. माझे यजमान सरकारी कचेरीत होते, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंचं सगळं देवावर. माझीही श्रद्धा आहे, पण मी देवाला फार आवाज न करता हाक मारते. सासूबाई देवाला हाक मारत ती शेजारच्यांना ऐकू जाई.

निघायच्या दिवशी पहाटे त्यांनी पूजा केली आणि सांगितलं, "नव्या घरात आधी देव जातील. देव बसल्याशिवाय आपली केरसुणीची काडीसुद्धा आत जायची नाही. आणि देवांचं तीर्थ घेतल्याशिवाय मी पाणी घ्यायची नाही." वय सत्तरीला आलेलं, महिना वैशाखाचा. मी म्हटलं, "देव आपण हातात घेऊन आगगाडीने जाऊ." तर म्हणाल्या, "आगगाडीत कोणाकोणाची शिवाशिव. सोवळ्यातले देव आहेत ते." म्हणून देव्हारा खटाऱ्यातून जाणार असं ठरलं. आणि खटाऱ्यातसुद्धा, "देवांच्या आधी चूल-मडकी चढायची नाहीत."

दशरथाने बिडी विझवली. "आजये, पयला चढता ता शेवटाक उतरता. मगे माका बोलू नका."

"देवाच्या बाबतीत शेवट हा शब्द काढू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

मग यांनी सोवळ्याचा रेशमी कद नेसून देव्हारा उचलला आणि गाडीच्या तळाशी ठेवला. देवांवर कशाचा भार नको, म्हणून दशरथाने आमचं टेबल त्यावर उभं केलं. चार पायांच्या मधे देव, वर टेबलाचं छत. त्या छतावर पलंग, ट्रंका, गाद्या, पिंप, पाटा-वरवंटा, पाळण्याच्या कड्या, सगळं बिऱ्हाड रचून दोर आवळले. सोवळं मोडू नये म्हणून हे कदावर कोट चढवून, छत्री घेऊन गाडीत पुढे बसले. आग्रा रोडने मुलुंडपर्यंत लोक यांना नवरदेव समजत होते.

मी आणि सासूबाई आगगाडीने आधी पोचलो. कुलूप उघडलं, पण आत कसं जाणार? देव यायचे होते. तळमजल्यावरच्या सुनंदाबाईंनी ओट्यावर बसायला दिलं आणि पाणी आणलं. सासूबाईंनी मान हलवली. ऊन ओट्यावर चढत आलं. त्यांचे ओठ सुकलेले मला दिसत होते.

शेवटी खटारा आला. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "हं, आणा देव."

दशरथाने गाडीकडे पाहिलं, मग आकाशाकडे. "देव खाली आसत, आजये."

"मग वरचं सामान काढ."

"काढतंय. खय ठेवू?"

"घरात नाही. घरात आधी देव."

"मगे खय?"

"इथे. रस्त्यावर, कडेला."

दशरथ गाडीवरून खाली उतरला आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. "रस्त्यार नाय. रस्त्यार सामान म्हणजे मालकान भायर काढलेली माणसां. माझ्या गाडयेतला बिऱ्हाड रस्त्यार पडूचा नाय."

"अरे, घटकाभर," हे म्हणाले.

"माझी आये परळाक अशीच रस्त्यार बसली हुती, सायब. पेटयेर. मालक म्हणालो घटकाभर. दिवस मावळलो. जाणारो येणारो इचारी, बाय, भाडा थकला काय? माझी आये कोणाक कायेक बोलली नाय." एवढ्यावर त्याचा तो विषय संपला.

यांनी मधला मार्ग काढायचा म्हणून गाडीच्या बाजूने हात घातला. टेबलाखालून देव्हारा ओढता येतो का पाहत होते. खांद्यापर्यंत हात आत गेला, बराच वेळ चाचपडला आणि बाहेर आला तो वरवंटा घेऊन.

"हा देव नव्हे," सासूबाई म्हणाल्या.

आता वरवंटा आत ढकलावा तर गाद्यांनी जागा भरून घेतलेली. घरात ठेवावा तर सासूबाई. खाली ठेवावा तर दशरथ. हे कद आणि कोट घालून हातात वरवंटा धरून उभे राहिले. दुसऱ्या हातातली छत्री त्यांनी सासूबाईंवर धरली, तेवढ्यात डावा बैल दोन पावलं सरकला आणि त्याने सावलीत तोंड घातलं. त्याला कोणी हटवलं नाही. त्या दिवशी समजूतदारपणे वागणारा तो एकटाच होता.

चाळ गोळा झाली. वरच्या मजल्यावरून श्यामसुंदर नावाचे पेन्शनर कठड्यावर वाकले आणि यांना विचारलं, "काय हो, घर सोडताय की तुम्हाला काढलंय?"

दशरथ माझ्याकडे वळला. "बघलात, वैनी? अजून एक भांडा उतराक नाय, तरी इचारूक लागले."

"आम्ही येतोय," हे वर बघून म्हणाले.

"मग या की," श्यामसुंदर म्हणाले. "कोणी धरलंय?"

"देव खाली आहेत."

श्यामसुंदरांनी वाकून जमिनीकडे पाहिलं आणि ते आत गेले.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या त्या आता भिंतीला टेकल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "कुंदा, मला काही होत नाही." पण आवाज निम्मा झाला होता. मी मनात अन्नपूर्णेला म्हटलं, आई, तू टेबलाखाली आहेस, तुला दिसत नसेल, पण ऐकू येत असेल. काहीतरी सुचव.

सुनंदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांची खोली मागे उघडी होती. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, आमच्या दोन गाद्या तुमच्याकडे ठेवू?"

"ठेवा ना, त्यात काय."

मी सासूबाईंना विचारलं, "दुसऱ्यांच्या घरात चालेल?"

"दुसऱ्यांचं दुसऱ्यांपाशी. आपल्या घरात देवाआधी नको, एवढंच."

मी दशरथाला विचारलं. त्याने डोकं खाजवलं. "घरातसून घरात. ह्या चलात."

मग काय, दोर सुटले. गाद्या सुनंदाबाईंकडे, पिंप त्यांच्या शेजारी, पलंगाच्या फळ्या जिन्याखालच्या खोलीत, एक ट्रंक पहिल्या मजल्यावर, डबे कुठे, पाट कुठे. ज्याचं दार उघडं दिसलं त्याच्या घरात दशरथ काही ना काही ठेवून आला. आमची ओळख एकाशीही झाली नव्हती आणि आमचा संसार मात्र अख्ख्या चाळीत राहायला गेला.

टेबल हललं आणि देव्हारा दिसला. सासूबाईंनी हात जोडले. हे पुढे झाले आणि थांबले. हातात वरवंटा.

"माझ्याकडे दिया," दशरथ म्हणाला आणि त्याने वरवंटा घेतला.

देव आत गेले. सासूबाई मागोमाग गेल्या, रिकाम्या खोलीत पूर्वेच्या भिंतीशी बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी. ताम्हन. समई." मी उभी राहिले. ताम्हन कोणाच्या घरी आहे हे मला ठाऊक नव्हतं. सुनंदाबाईंनीच आपलं ताम्हन आणि तोच मघाचा तांब्या दिला. त्या पाण्याने देवांना स्नान घातलं आणि सासूबाईंनी तळहातावर तीर्थ घेतलं. तोच तांब्या त्यांनी सकाळपासून दोनदा परत पाठवला होता. मग त्यांनी तो तोंडाला लावला आणि अर्धा रिकामा केला.

मी बाहेर येऊन दशरथाला म्हटलं, "आता सामान आत आण."

"आता ह्या येगळा बिऱ्हाड, वैनी," तो म्हणाला. "माझा काम एका घरातसून एका घरात. आता चाळभर घरातसून एका घरात. ह्याका येगळी गाडी लागतली."

"गाडी कशाला? हे समोर आहे सगळं," हे म्हणाले.

"समोर आसा म्हणान बिऱ्हाड न्हय काय?" तो बोलताना हातातला वरवंटा हलवत होता. वरचे लोक घाबरून आत गेले आणि आमच्या सामानाची दारं एकेक करून बंद झाली.

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, चांगला सणसणीत. "दशरथा, नैवेद्य झाल्याशिवाय जायचं नाहीस. इथेच जेवायचं."

"होय, आजये."

"मग तांदळाचा डबा बघ कुठे ठेवलास तो. आणि पातेली."

 दशरथ वरवंटा घेऊनच दारोदार निघाला. एका घरी पाहुणे आले होते आणि ते आमच्या ट्रंकेवर बसले होते. चहा संपेपर्यंत दशरथ दारात थांबला. श्यामसुंदरांकडे त्याने काहीच ठेवलं नव्हतं, पण त्यांनी घाबरून एक स्टूल दिलं. ते आम्ही पुष्कळ वेळा परत करायला गेलो. ते म्हणायचे, नको, तुमचंच आहे.

त्यानंतर दशरथ सणासुदीला येत राहिला. सासूबाई त्याला रागवत आणि वाढत. सत्तावन्न साली त्याला भांडुपला स्वतःची खोली मिळाली. आयुष्यभर दुसऱ्यांची बिऱ्हाडं वाहिली, आता त्याचं निघालं. त्या दिवशी दुपारी खटारा आमच्या दारात. गाडीत आईची पेटी, वळकटी, एक स्टोव्ह. देवीची तसबीर मांडीवर.

"मालक किल्ली घेवन गावाक गेलो," तो म्हणाला. "वैनी, पेटी तुमच्या घरात ठेवू काय? रस्त्यार नको."

मी काही बोलायच्या आत सासूबाई दारात आल्या. "आधी देवी आत आण," त्या म्हणाल्या. त्याला हात-पाय धुवायला लावून त्यांनी तसबीर आमच्या देव्हाऱ्याशेजारी टेकवली, फूल वाहिलं, आणि मग त्याला पाणी दिलं. पेटीवर आईसारखं कोणी बसायची वेळ आली नाही. किल्ली येईपर्यंत ती आमच्या खिडकीखाली होती.

किल्ली आली तसा तो सामान न्यायला आला. पेटी, वळकटी, स्टोव्ह दाराशी आणले. बैल जुंपले. तसबीर उचलून गाडीपर्यंत गेला आणि थबकला. ओट्यावर बसलेल्या सासूबाईंकडे वळून म्हणाला, "आजये, देवीक आधी चढवू काय शेवटाक?"



"हातात धर," त्या म्हणाल्या.