रिठदच्या तंबाखूचा पहिला चिरूट

आमच्या मालकाचं नाव मी काही घेत नाही. अनसिंगात कोणालेही विचारा, भगवंतराव चिरूटवाले म्हणून घर दाखवतीन. आगगाडीचे रूळ पडत होते तवा हे दोन वर्सं माती टाकाले गेले होते. बाकीच्या गड्याईनं तिथून लुगडी आणली, भांडी आणली. आमचे हे मद्रासी मुकादमापासून चिरूट शिकून आले! वळायचा कसा, पेटवायचा कसा, ओढून पानाची जात कशी सांगायची. एवढं ध्यान वावराकडं दिलं असतं तर... जाऊ द्या.

पण जीभ मात्र खरी. लग्न होऊन आली तवा मी पहिली भाकर केली, सारं घर तारीफ करून राह्यलं होतं. हे म्हणे, "आतून कच्ची हाय." मले असा राग आला! पण भाकर कच्चीच होती. त्या जिभेपायीच आजूबाजूच्या गावचे लोक तंबाखूची पानं घेऊन आमच्या ओट्यावर येतात अन् हे सांगतीन ते ऐकून जातात.

माहा धाकटा भाऊ चंपत रिठदले राह्यते. आमचं माहेर भाजीपाल्याचं. चंपतचा जल्म वांग्याच्या टोपल्या रिसोडच्या बाजारात नेण्यात गेला, अन् वांगं पाहिलं की त्याचं तोंड कडू होई. एका साली त्यानं अर्ध्या मळ्यात तंबाखू लावला. माय अशी भडकली म्हणता! माही माय म्हणजे गोजराबाई, साऱ्या रिठदले माहीत. "तंबाखूची काय भाजी करतू का रे?" म्हणे. सहा महिने रोज तेच. शेवटी दोघाईचं ठरलं, पानं वाळली की जवाईबुवाले बोलवायचं. त्याईनं चांगलं म्हटलं तर तंबाखू राहीन, नाक मुरडलं तर मळाभर वांगी.

आमी रिठदले गेलो. चंपतचा चेहरा पार उतरला होता. रातच्याले मी यायले, आमच्या मालकाले, हळूच म्हटलं, "एकच डाव खोटं बोला. माहा भाऊ हाय."

"ओढल्यावर पाहू," म्हणे. झालं! पुढं बोलायची सोयच नाही.

सकाळी अंगणात बैठक मांडली. यायनं चंपतच्या पानाचा चिरूट स्वतः वळला. तळहातावर तोलला, कानाजवळ नेऊन दाबला, हुंगला. काडीपेटी चालत नाही, गंधकाचा वास लागते म्हणे. म्हणून मी चुलीतला इंगळ चिमट्यात धरून आणला. चिरूट फिरवत फिरवत चारी बाजूनं पेटवला. पहिला धूर तोंडात घोळवून सोडून देल्ला. आता संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, असा त्याईचा कायदा. सुरवातीले सारेच चिरूट गोड लागतात, पान खरं काय ते शेवटी बोलते, म्हणतात.

राख पांढरी, बोटभर झाली तरी पडेना. यायनं मान हलवली. चंपतच्या जिवात जीव आला.

चिरूट अर्धा झाला अन् मले शिंक आली. मग चंपतले. मग मायले असा ठसका लागला की पदर तोंडात कोंबला. कुत्रं उठून रस्त्यावर गेलं. अन् आमचे हे? डोळ्यातून धारा लागल्या, नाक लालभडक, पण चिरूट काही सोडेनात! मी खूण केली, टाका आता. नाही. बोटाले चटका बसला तवा ठेवला खाली अन् उपरण्यानं तोंड पुसलं.

"गेला माहा तंबाखू," चंपत म्हणे, अन् खालीच बसला.

"पान एक नंबर हाय रे," हे म्हणाले. "गोड हाय, सारखं जळते. पण हे मिरच्याजवळ टांगलं होतं. मिरचीची धूळ बसली पानाले. कायले टांगलं तिथं?"

"कुठी दाजी? मी तर मांडवात टांगलं होतं!"

मग माय दारातून पुढं आली. जवायापुढं कधी मोठ्यानं न बोलणारी बाई, पण तवा बोलली.

"म्या हलवलं. हा बाजारात गेला होता, अन् आभाळ आलं. मांडव गळते. घरात कोरडी जागा एकच, माह्या मिरच्याचा माळा. संध्याकाळी आभाळ मोकळं झाल्यावर परत टांगलं मांडवात."

त्या माळ्याले सुनेनंही हात लावायचा नाही, असा मायचा दरारा. अन् ह्या म्हातारीनं एकटीनं शिडीवरून तंबाखूच्या पानाच्या जुड्या चढवल्या होत्या!

"तुले तर तंबाखू नको होता," चंपत कसंबसं म्हणाला.

"तंबाखू नको होता. तुही मेहनत भिजू देऊ काय, येड्या?"

मले रडू आलं अन् हसूही. चिरूटाचा धूर बरा होता, कोणाले कळलं नाही. चंपत तर उघड उघड रडून राह्यला होता. आमच्या मालकानं चिमट्यातल्या इंगळाकडं पाहत हळूच विचारलं, "मग वांगी लावायची काय?"

मायनं पदर सारखा केला.

"पुढच्या साली मिरच्या मांडवात टांगजो," ती चंपतले म्हणाली. "माळा तंबाखूले लागन."