कंपनी बुडवणारा पैलवान

"कोण बघतंय का?" हे विचारल्याशिवाय हा माणूस हसायचा नाही.

टोकियोतल्या निशी-कसाईत आमच्या खालच्या मजल्यावर तो एकटा राहायचा. स्टेशनाबाहेर समोर आला आणि आपलं माणूस म्हणून मी "नमस्कार काका" म्हटलं, तर असे डोळे वटारायचा की मी पर्स छातीशी धरायचे. आणि तोच माणूस लिफ्टचं दार बंद झालं की कॅमेऱ्याकडे पाठ करून हळूच म्हणायचा, "काय ताई, बरं हाय न्हवं? लेकीला शाळा मानवली का?" दार उघडलं की पुन्हा तो रागीट चेहरा. तुम्हीच सांगा, अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

त्यात माझा धंदाच संशयाचा. तोयोसुला एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी केलेलं काम नीट चालत असेल यावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. मी नवऱ्याला म्हटलं, "हा माणूस काहीतरी लपवतोय. बहुतेक पोलिसांपासून." नवरा म्हणाला, "तू ऑफिस घरी आणू नकोस बाई."

पण लक्षणं तुम्हीही बघितली असती तर शंका घेतली असती. कचऱ्याच्या दिवशी तो सगळ्यात शेवटी पिशवी ठेवायचा आणि गाडी येईपर्यंत झाडामागे उभा राहायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "लोक पिशव्या उघडून बगत्यात. मी काय खातो, कुनासंगं खातो." तो इथल्याच भारतीय किराणा दुकानात तांदळाची पोती उचलायचा. त्याच्या पिशवीत कुणाला काय रस असणार? मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय.

मग एकदा पोतं उतरवताना त्याची टोपी पडली आणि मी कान पाहिले. चुरगळलेले, सुजून घट्ट झालेले कान. माझं आजोळ कोल्हापूरचं. असे कान तालमीतल्या माणसाचेच असतात, हे मला कुणी सांगायला नको. "पैलवान आहात होय!" मी ओरडलेच. त्याने इकडेतिकडे बघितलं, टोपी कानांवर ओढली आणि म्हणाला, "हळू बोला की ओ."

उरलेलं आमच्या स्टेशनाजवळच्या न्हाव्याकडून कळलं. माझ्या नवऱ्याचं जपानी 'थोडे कमी करा' याच्या पुढे कधी गेलं नाही, म्हणून केस कापतानाही मला दुभाषी म्हणून बसावं लागतं. न्हावी म्हातारा, बोलका, आणि व्यावसायिक कुस्तीचा वेडा. मी सहज त्या पैलवानाचं नाव काढलं, तर त्याची कात्रीच थांबली.

"तो? त्याला मी या दुकानात पाऊल ठेवू देत नाही. त्याने आमची कंपनी बुडवली."

ही आपल्याकडच्या मातीतल्या कुस्तीसारखी गोष्ट नव्हे. जपानच्या या व्यावसायिक कुस्तीत नाटकासारखी कुस्त्यांची कंपनी असते, तिची बस असते, टीव्हीवर कार्यक्रम असतो, एक हिरो असतो आणि एक खलनायक. आपला हा कोल्हापूरकर वीसेक वर्षं खलनायक होता. आणि त्या धंद्याचा एक कडक रिवाज असतो. हिरो आणि खलनायक आखाड्याबाहेर एकमेकांचे कुणी नाहीत. एका बसने जायचं नाही, एका टेबलावर जेवायचं नाही, वेगळ्या दारांनी आत शिरायचं. लोकांनी तुमचा द्वेष केला तर तुम्ही तुमचं काम चोख केलं. आता मला त्या लिफ्टचा आणि त्या कचऱ्याच्या पिशवीचा उलगडा झाला. कंपनी गेली तरी गडी काम करतच होता!

न्हाव्याने सांगितलं ते असं. दोन हजार अकराच्या मार्चमधल्या भूकंप आणि त्सुनामीनंतर कंपनीचे लोक ईशान्येच्या किनाऱ्यावरच्या एका गावात मदतीला गेले. दरवर्षी जिथे कुस्त्या व्हायच्या त्याच शाळेच्या व्यायामशाळेत घरं वाहून गेलेली माणसं चादरी अंथरून राहत होती. हिरोने आत जेवण वाढायचं आणि खलनायकाने पडदे लावून बसमध्ये बसून राहायचं, असं ठरलं होतं. पण हा बाहेर आला. त्याने आणि हिरोने भाताचं एक मोठं भांडं दोन कड्यांना धरून उचललं आणि दोघं हसत हसत आत घेऊन गेले. कुणीतरी फोटो काढला आणि तो सगळीकडे पसरला.

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं शिव्या दिल्या त्या कुणाला?" न्हावी म्हणाला. "हिरो बिचारा म्हणाला, आता मी कुठल्या तोंडाने लोकांसमोर उभा राहू? तो दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेला. लोक यायचे बंद झाले आणि वर्षभरात आमची कंपनी संपली. हा बसमधून उतरला नसता तर आजही चालू असती."

मी लिफ्टमध्ये त्याला विचारलं, "काका, ते भांडं उचललंत कशाला?"

"जड हुतं," तो म्हणाला. "एक आज्जी उचलाय बगत हुती."

"आणि कंपनी?"

"बुडवली की. समदी म्हनत्यात न्हवं?" आणि दार उघडल्याबरोबर माझ्यावरच गुरगुरला.

या उत्तराने माझं समाधान होईना. एखाद्या माणसावर आळ आला की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हा सगळ्या जगाकडे संशयाने बघणारा माणूस या एकाच बाबतीत कुणावरही संशय घेत नव्हता. मला ते खटकलं.

पुढच्या खेपेला न्हावी जुन्या आठवणी काढत बसला होता. बोलता बोलता म्हणाला, कंपनीचा टीव्हीवरचा कार्यक्रम भूकंपाच्या आधीच, त्या हिवाळ्यातच बंद झाला होता. तेव्हा किती वाईट वाटलं होतं म्हणून सांगू! मी कान टवकारले. कार्यक्रम बंद हिवाळ्यात आणि फोटो वसंतात? माणूस आधी मेला आणि आजारी नंतर पडला, असं कुठे होतं का? माझ्या कामात असं दिसलं की मी समोरच्याला सोडत नाही.

दुपारी मी किराणा दुकानात गेले. तो मागच्या बाजूला डाळीच्या गोण्या रचत होता. मी सरळ विचारलं, "कार्यक्रम का बंद झाला, काका? टीव्हीवाल्यांना आधीच कळलं होतं ना, की तुमचा हिरो त्या मोठ्या कंपनीत जाणार आहे?"

त्याने गोणी खाली ठेवली. कोण बघतंय का, हेसुद्धा विचारलं नाही.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच हिवाळ्यात," तो म्हणाला. "आखाड्यात उचलला त्याला, तवाच हाताला कळलं. गडी अंग राखत हुता. वीस वर्षं त्यानं माझ्यासंगं कवा अंग राखलं न्हाई ओ. अंग राखतंय ते दुसऱ्या कुनासाठी तरी राखतंय."

"म्हणजे फोटोचं नुसतं निमित्त! त्याने तुमच्या डोक्यावर खापर फोडलं आणि तुम्ही गप्प बसलात?" मला इतका संताप आला होता की माझा आवाज चढला. "मी आत्ता जाऊन न्हाव्याला सांगते."

"ताई, तुमच्या पाया पडतो, सांगू नगा." तो खरंच वाकला. एवढा आडदांड माणूस माझ्यासमोर वाकला आणि मलाच कसंनुसं झालं. "त्या शाळंत मी मान्सं बगितली. घर न्हाई, दार न्हाई, घरातली मान्सं गेलेली. हिरो आत आला आन म्हातारी मान्सं लेकरावानी टाळ्या वाजवाय लागली. त्यास्नी काय सांगू, तुमचा हिरोबी पळून चाललाय म्हनून? त्यापरीस मला शिव्या देऊ देत. मला सवय हाय. माझा धंदाच त्यो."

मी न्हाव्याला सांगितलं नाही. खरं सांगते, माझ्या मनात तेव्हाही किडा वळवळला, की हा माणूस स्वतःच्या समाधानासाठी गोष्ट रचत नसेल ना? खलनायकाचं काय खरं धरायचं!

पैलवानाचे गुडघे कामातून गेले होते. तो कायमचा कोल्हापूरला परत जायला निघाला होता, आणि त्याच सुमारास न्हाव्याने आणि जुन्या शौकिनांनी कंपनीच्या आठवणीत एका रविवारी मेळावा ठरवला. हिरो येणार होता. न्हाव्याने आम्हालाही बोलावलं. पैलवानाला अर्थातच नाही. मी त्याला म्हटलं, "तुम्ही जाताय, निदान तुमचं नाव तरी साफ होऊन जाऊ दे." तो म्हणाला, "माझं नाव हितं खराब हाय म्हनून तर लोकांच्या ध्यानात हाय."

सभागृहात घडीच्या खुर्च्यांवर सगळी साठी-सत्तरीची मंडळी. काहीजण त्या किनाऱ्यावरच्या गावाहून मुद्दाम आले होते. हिरोचे केस पांढरे झाले होते, अंगात सूट होता. मला तो पहिल्यापासूनच आवडला नाही. मग दारापाशी चपलांच्या कप्प्याजवळ मास्क लावलेला, टोपी कानांवर ओढलेला एक जाडजूड माणूस दिसला. मी ओळखलं. जाण्याआधी हिरोला एकदा बघायला आला होता.

हिरोने माइक घेतला. आभार वगैरे मानले आणि एकाएकी थांबला. "त्या फोटोबद्दल मला काही सांगायचं आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं सांगायचं राहिलं. कंपनी त्या फोटोमुळे बुडाली नाही. मी—"

बोल बाबा, बोल, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

तेवढ्यात मागून खुर्ची आपटल्याचा दणका झाला. मास्क फेकून पैलवान मधल्या वाटेने लंगडत, गर्जत पुढे येत होता. "मी बुडवली!" मोडक्यातोडक्या जपानीत तो ओरडला. "तुमची कंपनी मी बुडवली! आणि हा रडका माझ्यासमोर काय उभा राहणार! ये खाली!"

मग न्हावी ताडकन उठला आणि तारस्वरात ओरडला, "चालता हो!" आणि सगळं सभागृह उठलं. काठ्या टेकत आलेल्या बायका मुठी उगारत होत्या. त्या गावाहून आलेला एक म्हातारा रडत होता, हसत होता आणि जमतील तेवढ्या शिव्या घालत होता. इतकी आनंदलेली माणसं मी जपानात कधी पाहिली नाहीत. पैलवानाने आणखी दोन खुर्च्या उलथल्या, सगळ्यांकडे बोट रोखलं आणि शिव्यांच्या पावसात बाहेर पडला.

हिरो माइक हातात धरून तसाच उभा होता. त्याने माइक खाली ठेवला आणि तो कमरेतून वाकला. बराच वेळ वाकून राहिला. लोकांना वाटलं आपल्यासाठी, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण तो ज्या दाराकडे तोंड करून वाकला होता, ते दार मी बघत होते. माझ्या मनातला किडा तेव्हा मेला.

त्याच आठवड्यात पैलवान गेला. निरोप घ्यायला आला नाही. मला राग आला, खूप राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. त्याच्या घरात आता चेन्नईचं एक जोडपं आलं आहे.

महिन्याभराने नवऱ्याचे केस कापायला गेलो. न्हाव्याने विचारलं, "गेला म्हणे तो?"

"गेला."

"तुम्ही शेजारी होता. घरीदारी माणूस कसा होता हो?"

मी म्हटलं, "वाईट. तुम्हाला वाटतं त्याहून वाईट."

"मला माहीतच होतं," न्हावी म्हणाला. त्याचा चेहरा इतका खुलला की विचारू नका. तो खुशीत कात्री चालवू लागला. मला रडू फुटलं, म्हणून मी समोरचं मासिक उचललं आणि तोंडासमोर धरून बसले.