सुईच्या आधी नाव

नर्स सख्यांनो, सकाळचं प्रॅक्टिकल डोक्यातून जाऊनच नाही राहिलं.

अठरा वर्षं झाली, नर्स आहे मी. आता नर्सिंग कॉलेजात शिकवायचं म्हणून डिग्रीले नाव टाकलं. आज डमीले इंजेक्शन द्यायचं होतं. परीक्षक कोण, तर सीमा! कधीकाळी माझ्याच वॉर्डात शिकाऊ होती. पहिलं इंजेक्शन मीच तिले शिकवलं. म्हटलं, चला, घरचाच मामला.

औषध भरलं, हवा काढली, सुई टेकवणार तेवढ्यात ती बोलली, "रुकिए दीदी. नाम पूछा? हाथ पर नाम-नंबर का बैंड देखा?"

"अवं, डमी आहे ते!"

"आपने ही सिखाया था, सुई से पहले नाम."

तिनं मार्क कापले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी येतानी पंडरी चौकापर्यंत ऑटोत मी तिलेच शिव्या देत होती. मग एकदम आठवलं. वॉर्डात तरी मी कुठं विचारते? चेहरा पाहते अन् सुई देते.

खरं सांगा, सुई देण्याआधी पेशंटले नाव तुम्ही शेवटी कधी विचारलं?

कालपासून माझ्या वॉर्डात शेजारशेजारच्या पलंगांवर दोन सुनीता साहू आहेत. काल दोघींले वेगवेगळं इंजेक्शन मीच दिलं, हातचा बँड न पाहता.