वरच्या आळीची आमटी

विक्रम सरांनी टेबलावर नकाशा पसरला आणि ज्या बेटावर ते तंबूंचं हॉटेल काढत होते, त्या पाण्यातल्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "बेट आहे म्हटल्यावर बेटाचं म्हणून काहीतरी खास जेवण असणारच. अंदमानला आहे, गोव्याकडच्या बेटांवर आहे, मग इथं का नसेल? दिलीपराव, मला ते शोधून द्या. टुरिस्ट बोटीतून उतरला की त्याला कळलं पाहिजे, इथं येऊन काय खाल्ल्याशिवाय जायचं नाही ते."

मी मान डोलावली. तो ठिपका माझ्या ओळखीचा होता, हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

मी मेन्यू कन्सल्टंट आहे. नगरमध्ये राहतो. हॉटेल सुरू व्हायच्या आधी तिथं काय शिजेल, ते कसं वाढतील आणि केवढ्याला विकतील, हे ठरवून देणं माझं काम. प्रत्येक पदार्थाची 'स्टँडर्ड रेसिपी' लिहून द्यायची. म्हणजे सगळे जिन्नस ग्रॅममध्ये, पाणी मिलीलिटरमध्ये, आच किती आणि किती वेळ. उद्या आचारी बदलला तरी चव बदलता कामा नये, एवढाच त्यामागचा हेतू. मनमाड रोडवर कोल्हारच्या अलीकडे-पलीकडे माझ्या मेन्यूवर चालणारी बरीच हॉटेलं आहेत. त्यांच्या कार्डांवर 'पारंपरिक' हा शब्द जागोजागी छापलेला दिसेल. त्यातल्या काही पदार्थांची परंपरा मीच आदल्या आठवड्यात सुरू केलेली असते. या धंद्यात ते चालतं, आणि मीही ते चालवत आलो.

हा ठिपका मात्र तसा चालवता येईना. कर्जत तालुक्याच्या दक्षिणेला भीमेच्या धरणाचं बॅकवॉटर आहे, म्हणजे भिंतीमागे तुंबून मागे मागे पसरत आलेलं पाणी. त्या पाण्याखाली आमचं जुनं गाव आहे. गाव उठलं तेव्हा मी आईच्या कडेवर होतो, त्यामुळे मला त्यातलं काहीही आठवत नाही. मी वाढलो नव्या गावात, सरकारने आखून दिलेल्या सरळ रस्त्यांच्या वसाहतीत.

त्या शनिवारी मी नव्या गावात आईकडे गेलो. आई आता पंचाहत्तरीची आहे. वडील गेल्यापासून एकटी राहते, आणि नगरला ये म्हटलं की तिचे गुडघे दुखायला लागतात. मी तिला सरळच विचारलं, बेटावर पूर्वी लोक काय जेवायचे.

"कुठलं बेट?"

मी जागा सांगितली.

"त्याला काय बेट म्हनत्यात व्हय? ती आपली वरची आळी हाय."

तिने मला ती आळी मग जमिनीवर बोटाने काढून दाखवली. गावाच्या खालच्या अंगाला नदी, वरच्या अंगाला टेकाड. टेकाडावर आठ-दहा घरं, त्यात कडेचं आमचं. पाणी आलं तेव्हा खालची घरं बुडाली. आमचं घर बुडालं नाही, त्याच्याकडे जाणारी वाट बुडाली. मग घरातली लाकडं, दारं, कड्या काढून सगळ्यांबरोबर आमचेही लोक निघाले. हे सगळं मी पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा ऐकत होतो, तेही एका क्लायंटचं काम होतं म्हणून. ती रोज इथंच होती आणि मी कधी विचारलं नव्हतं. याची मला त्या दिवशी लाज वाटली, आणि अजूनही वाटते.

जेवणाबद्दल मात्र तिने हात झटकले. ज्वारीची भाकरी, तुरीच्या डाळीची काळ्या मसाल्याची आमटी, हंगामात घेवडा नाहीतर वांगं. सगळा कर्जत तालुका जे खातो तेच.

"मग तिथलं वेगळं असं काय?"

"पानी," आई म्हणाली. "आमी नदीचं पानी आनायचो. डाळ एका कडात फुटायची, पार लोन्यावानी हुयाची. हितल्या बोरच्या पान्याला डाळ शिजतीया व्हय? सोडा टाकून टाकून माझा जल्म गेला."

यात शास्त्र आहे. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. अशा जड पाण्यात डाळीचा दाणा घट्ट राहतो, कितीही शिट्ट्या द्या. म्हणून बायका खाण्याचा सोडा टाकतात. सोड्याने डाळ मऊ पडते, पण आमटीला किंचित तुरट, साबणासारखी चव येते. ती चव म्हणजेच आईच्या हातची आमटी, असं मी लहानपणापासून समजत आलो. लोकांना चवीचे सल्ले देऊन मी पोट भरतो, आणि माझ्या जिभेवरची सगळ्यांत जुनी चव सोड्याची निघाली.

निघताना मी चपला घालत होतो, आई दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "तू जानारच हायेस तिकडं, तर मला बी ने. एकदा तिथं बसून भाकर खायची हाय. दुसरं काय न्हाई."

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काही लोक चिखलातून चालत तिथं जाऊन येतात. वडिलांना ते आवडत नसे, म्हणून ती कधी गेली नाही. वडील गेल्यावर गुडघे गेले. आता जायची एकच सोय होती, विक्रम सरांची बोट. आणि तिच्यावर फक्त स्टाफ आणि पाहुणे बसायचे.

आमच्या कामात ट्रायलला 'पॅनल' बसतं. म्हणजे चार-पाच माणसं पदार्थ चाखतात आणि कसा झाला ते सांगतात. त्यात मालक असतो, शेफ असतो, एखादं बाहेरचं माणूस असतं. मी आईला पॅनलवर घेतलं. विक्रम सरांना फोनवर सांगितलं की एक लोकल मेंबर आणतोय. ते म्हणाले, व्हेरी गुड. लोकल मेंबर कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

जानेवारीत ट्रायलसाठी बेटावर निघालो तेव्हा पाणी काठोकाठ होतं. बोट चालवणारा भोई समाजाचा, चाळिशीचा, बोलका माणूस. आई धडपडत बसली आणि मध्यावर आल्यावर पाण्याकडे बघून म्हणाली, "हळू घे रं बाबा, खाली वड हाय."

तो हसला. "म्हायती हाय की मावशी. तुमच्या वडानं माझी दोन जाळी फाडली."

"मंग बरं झालं," आई म्हणाली. "सावलीला बसायचं सोडून जाळी कशाला टाकतूस?"

बेटावर उतरल्यावर ती कुणाचाही हात न धरता चढली. तंबू उभे राहिले होते, कुंड्या होत्या, बाण काढलेल्या पाट्या होत्या. ती पाट्यांच्या उलट दिशेने गेली. कडेच्या तंबूच्या मागे दगडांची एक ओळ जमिनीतून थोडी वर आलेली होती. तिथं जाऊन ती उभी राहिली आणि म्हणाली, "हे आपलं जोतं." पदराने तिने एका दगडावरची माती पुसली, जणू आता कुणी बसायला येणार आहे.

ट्रायल सुरू झाली. शेफ नेगी उत्तराखंडचे, अतिशय शिस्तीचे. त्यांनी चिलापी मासा रवा लावून तळला होता, आणि तो खरंच उत्तम होता. आईने बघितला आणि म्हणाली, "ही मासळी बी पान्यासंगं आल्याली. आमच्या टायमाला नव्हती." विक्रम सर खूश झाले. त्यांना वाटलं, आजी माशाची तारीफ करताहेत.

मग आमटीची पाळी आली. आई स्वतः गॅसपाशी उभी राहिली. डाळ धुतली आणि पाणी मागितलं. नेगींनी प्लान्टवर भरलेल्या जारमधलं पाणी दिलं. तिने भांडं बाजूला ठेवलं.

"नदीचं पायजे."

नेगींनी माझ्याकडे पाहिलं. हॉटेलच्या किचनमध्ये बॅकवॉटरचं पाणी सरळ भांड्यात घेता येत नाही. त्यात वरून काय काय मिसळत येतं ते काठावर उभं राहिलं तरी नाकाला समजतं. मी असं काही होऊ दिलं असतं तर मला या धंद्यात राहायचा हक्क उरला नसता. पण हे तिला सांगणं माझ्या जिवावर आलं.

"आई, हे नदीचंच आहे. मशीनमधून गाळलेलं. त्या कोपऱ्यात प्लान्ट आहे, तो नदीतूनच घेतो."

"गाळलं कशाला?"

"घाण झालंय गं पाणी."

तिने प्लान्टच्या पाइपाकडे बघितलं. "म्हंजे नदीचंच?"

"नदीचंच."

मी खोटं बोललो नाही. तरीही बोलताना मला खोटं बोलल्यासारखं वाटत होतं.

तिने ते पाणी घेतलं. अशा आरओ प्लान्टमधून गाळलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत. डाळ एका कढात फुटली. काळा मसाला, लसूण, खोबऱ्याचं वाटण, वरून कोथिंबीर. सोडा नाही. वाट्या भरल्या गेल्या. विक्रम सर पहिल्या घोटाला म्हणाले, "वा." नेगींनीही मान हलवली, आणि ते सहसा हलवत नाहीत.

आईने भाकरी कुस्करून पहिला घास घेतला आणि थांबली. मला वाटलं, मीठ कमी पडलं.

"तीच हाय," ती हळूच म्हणाली.

मग वाटी आणि उरलेली भाकरी घेऊन ती उठली, तंबूमागे गेली आणि पुसलेल्या दगडावर बसून जेवली. पाठ आमच्याकडे होती. मी जवळ गेलो नाही. जायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

विक्रम सर मात्र गेले. तसा भला माणूस आहे, पण धंदा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यांनी तिला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आजी, दर शनिवारी-रविवारी याल का? गाडी पाठवतो, बोट पाठवतो. पाहुण्यांसमोर इथंच बसून असं जेवायचं, गावाबद्दल दोन शब्द बोलायचे. मानधन देऊ."

आईने वाटी पुसून खाल्ली. "यीन की. पन मंग रातीची बी राहीन. आपल्या घरी आल्यालं मानूस सांजच्याला परत जातंय व्हय?"

सर मोठ्याने हसले आणि म्हणाले, राहा की, तंबू रिकामाच आहे. आई हसली नाही. तेव्हा त्यांचंही हसणं विरलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं, की ह्या माझ्या आई आहेत आणि हे जोतं आमचं आहे.

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत? केवढी स्टोरी आहे ही!"

म्हणूनच नव्हतं सांगितलं.

शनिवार-रविवारचा विषय तिथंच राहिला आणि संध्याकाळी आम्ही बोटीने परत निघालो. वडावरून जाताना भोयाने आपणहून बोट हळू केली.

मेन्यू कार्डासाठी सरांना 'आयलंड दाल' हे नाव हवं होतं. मी 'वरच्या आळीची आमटी' लिहिलं, 'पारंपरिक' हा शब्द काढला आणि त्यावर अडून बसलो. एवढा मी कुठल्याच क्लायंटशी अडलो नव्हतो. त्यांनी मान्य केलं. आमटी बऱ्यापैकी खपते. चिलापी तिच्या तिप्पट खपतो. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, लोक बेटावर येतात ते मासे खायलाच.

मी मात्र आणखी एक गोष्ट केली. मला वाटलं, सापडलं उत्तर. एवढी वर्षं ती डाळीवरून कुरकुरत होती आणि इलाज इतका सोपा होता. मी नव्या गावातल्या घरी पाणी गाळायचं मशीन बसवून दिलं. तिला नळ कसा सोडायचा ते दाखवलं. पहिल्या दिवशी तिने त्या पाण्यात आमटी केली, आम्ही दोघांनी खाल्ली. बेटावर झाली होती तशीच झाली. ती वाट्या धुवायला उठली. मला वाटलं, समाधान झालं असेल.

पुढच्या महिन्यात गेलो तर जेवणात पुन्हा ती जुनी चव. तुरट, साबणासारखी. मी उठून मशीन तपासलं. चालू होतं. शेजारच्या घरातल्या बायका त्यातून पिण्याचं पाणी भरून नेत होत्या. डाळीला मात्र आई बोअरचंच पाणी वापरत होती, सोडा टाकून.

मी विचारलं, मशीन असताना असं का.

ती भाकरी थापत होती. हात थांबवला नाही. "रोज रोज तिथं जाऊन कसं चालंल?"

तेव्हापासून मी नवं काम घेतलं की पहिल्या भेटीत किचनमधलं पाणी कुठून येतं ते विचारतो आणि शक्य असेल तर तपासून घेतो. रेसिपीत आम्ही पाण्याचं माप लिहायचो, पाणी कुठलं ते लिहीत नव्हतो. ती चूक आता होत नाही. पण पाणी सुधारून द्यायचं की नाही, हे मी आधी जेवणाऱ्याला विचारतो.