टॅक्स क्लास दोन

घटस्फोटानंतर मुलीचे बाबा रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात गेले. मुलगी अजून शाळेत होती, आम्ही दोघी फ्रँकफर्टलाच राहिलो. माझ्या टॅक्स कार्डावर क्लास दोन छापून येऊ लागला. मूल घरात असलेल्या एकट्या पालकाचा तो क्लास. कर जरा कमी कापला जाई, एवढंच.

पुढे मुलगी इंजिनिअरिंगला आखनला गेली. नव्या वर्षाच्या कार्डावर क्लास एक आला, एकट्या माणसाचा. चूक असेल, म्हणून मी रजा टाकून ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे पालिकेच्या कचेरीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"चूक नाही. मूल आता तुमच्याकडे राहत नाही."

"राहते की. शिकायला गेलीय फक्त."

"तिनं आखनला पत्त्याची नोंदणी केलीय आणि तुमच्या पत्त्यावरचं नाव काढलंय. दुसरं घर म्हणून ते ठेवता आलं असतं. अजूनही येईल, तिला सांगा."

मी आभार मानले. बाहेर येऊन ट्राममध्ये बसले. आपला स्टॉप गेला, हे ट्राम रिकामी झाल्यावर कळलं. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. तशीच उलट दिशेच्या ट्रामची वाट बघत उभी राहिले.

संध्याकाळी फोन केला. "अगं, इथलं नाव काढलंस तू?"

ती नेहमीसारखी जर्मनमध्येच बोलली. "इथल्या कचेरीतल्या माणसानं विचारलं, कुठे राहतेस? मी म्हटलं, इथे." मग अडखळत मराठीत, "आई, चुकलं का? बदलू?"

"नाही गं. राहतेस तिथेच असू दे."

तिनं बाबांना सांगितलं असावं. दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. "मी सांगतो तिला परत नाव घालायला. उगाच जास्त कर कशाला भरतेस?"

"अहो, राहू दे."

इतक्या वर्षांनी तोंडातून अहो गेलं.

"हं... माझाही क्लास एकच आहे," ते म्हणाले.

त्यात सांगण्यासारखं काय होतं, कुणास ठाऊक. मी "हो का" म्हटलं आणि फोन ठेवला.

थंडी ओसरल्यावर मी आखनला गेले. ती आणखी तिघांबरोबर राहत होती. बेलपाशी चौघांची आडनावं होती, त्यात तिचं, म्हणजे तिच्या बाबांचं. मी बेल दाबली. तिनं मिठी मारली, सायकली ओलांडत आत नेलं. चहा मीच टाकते म्हटलं. साखर कुठे आहे, ते तिला विचारावं लागलं.