सरांचा सोयरा

“तू दिग्दर्शक नको घेऊ. तू तुमच्यातला घे.”

हे सांगताना सरांनी हातातला खडू भिंतीवरच्या फोटोकडं रोखला. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. वर्ग हसला. असा हसला की शाळेवरचे पत्रे उडून टेंभुर्णीच्या बाजारात पडले असतील. मी उभीच. नववीतली पोरगी. तोंड उघडं.

प्रकल्प होता थोर माणसाच्या चरित्राचा. ज्यानं त्यानं आपल्या मनानं माणूस निवडायचा, हे सरांनीच सांगितलं होतं. कोणी क्रिकेटवाला घेतला, कोणी शास्त्रज्ञ. एकीनं नवसाला पावणारा महाराज घेतला, तोही चालला. मी सिनेमाचा दिग्दर्शक घेतला. मोठा. पेपरात फोटो येतो असा. त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याच्यावर आधीच बऱ्याच जणांनी हक्क सांगितलाय.

भिंतीवरच्या फोटोचं मला काय वावडं? आमच्या घरात तो टीव्हीच्याही वर आहे. माय सकाळी आधी त्याच्यावरची धूळ पुसते, मंग चूल पेटवते. पण ज्या माणसानं साऱ्या देशाचा कायदा लिहिला, त्याला सरांनी खडूच्या एका टोकानं आमच्या गल्लीएवढा करून टाकला. अपमान माझा झाला का त्याचा, मला त्या वयात सांगता आलं नसतं. कान मात्र तापले. भाकर भाजली असती त्यांच्यावर.

माझा दिग्दर्शक सरांनी उचलला आणि सरपंचाच्या ओंकारला दिला.

ओंकार म्हणाला, “सर, मी तर यांचा एकबी पिक्चर बघितला न्हाई.”

“बघ मंग. आपल्यातले आहेत ते. माझ्या मेव्हण्याच्या मामेसासऱ्याकडून पावणे लागतात. केदारखेड्याच्या लग्नात माझ्या बाजूलाच जेवायला बसले होते. बिलकुल साधा माणूस.”

इथं माझं नाक हललं.

मी गावातली नंबर एकची फेकाडी. आमच्या शेळीनं बिबट्याला शिंगावर घेतलं आणि तालुक्याला सोडून आली, हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की शेळीलाही ते खरं वाटायला लागलं होतं. थाप मारणाऱ्याला दुसऱ्याची थाप लांबून कळते. माझ्या थापेत शेळी असते, बिबट्या असतो, ऐकणारा हसतो. सरांच्या थापेत नुसते पावणे होते. आणि कोणी हसत नव्हतं. मला संशय आला.

आमच्याकडं माणूस दारात आला की पाण्याआधी आडनाव विचारतात. आडनावात नाही कळलं तर गाव. गावात नाही कळलं तर घर कुठं, वरच्या अंगाला का खालच्या. तोवर तांब्या आतच. सर या कामात पक्के. पण दिग्दर्शकाचं आडनाव म्हणजे गावाचं नाव आणि पुढं ‘कर’. असलं आडनाव त्यांच्यातही असतं, आमच्यातही असतं. सरांनी वास घेतला. माणूस मोठा, गाडी मोठी, बक्षिसं मोठी. म्हणजे आपल्यातलाच. दुसरा कोणी असेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जालन्यात गवंडीकाम करतात. संध्याकाळी ते जेवायला बसले तसा मी त्यांचा मोबाईल घेतला आणि दिग्दर्शकाची मुलाखत लावली. तो खुर्चीत बसून शांतपणे सांगत होता. माझा जन्म गावाबाहेरच्या वस्तीतला. मेलेली ढोरं ओढणाऱ्यांच्या घरातला. शाळेत मला दारापाशी बसवायचे. मी तिथून फळा बघायचो.

अण्णांचा घास हातातच राहिला.

“परत लाव.”

परत लावलं.

“हे मोबाईलवाले काहीबी टाकून राह्यलेत. दुसरीकडं बघ.”

दुसरीकडंही तेच. त्याच्याच तोंडून. अण्णांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला.

“लिही,” म्हणाले. “पण पहिलंच लिही. मागं लिहिलं तर कोणी वाचत न्हाई.”

सरांनी नको म्हटलं होतं तरी मी तोच माणूस घेतला. मोठ्या चार्टवर मधोमध फोटो. पहिल्या परिच्छेदात जन्म, वस्ती, ढोरं, दार. सिनेमे सगळे त्याच्या खाली.

सरांनी वाचलं. पहिल्या परिच्छेदाच्या पुढं गेलेच नाहीत.

“हे कोणी लिहून दिलं तुला?”

“मीच लिहिलं सर.”

“तुझी तर शेळी बिबट्या उचलते.”

वर्ग हसला.

“त्यांनीच सांगितलंय सर. अण्णांच्या मोबाईलमधी आहे. उद्या आणून दाखवू?”

सरांचा आवाज एकदम दुधासारखा.

“हे बघ बाळा. कलावंताला जात नसते.”

बाळा! साऱ्या वर्षात पहिल्यांदा. मी आधी दप्तर चाचपलं, काही गेलं तर नाही ना.

“पण सर, मागच्या आठवड्यात तर ते तुमचे पावणे होते.”

सरांनी मारलं नाही. मारलं असतं तर मला कळलं असतं आपण कुठं उभे आहोत. ते जवळ आले आणि हळूच बोलले.

“एवढा परिच्छेद झाक. मंग चार्टच्या प्रदर्शनात प्रमुख पाहुण्यांपुढं तूच बोल. ओंकारला बोलता येत न्हाई. तुझं तोंड बराबर चालतं.”

खोटं कशाला बोलू, माझ्या जिभेला पाणी सुटलं. पाहुणे. मास्तर लोक. अख्खं गाव. आणि बोलणार कोण? मी! मी मान अशी हलवली की हो का नाही, ब्रह्मदेवालाही कळू नये. सरांनी हो धरलं. स्वतःच्या हातानं पांढरा कागद कापला, डिंक लावला आणि त्या वस्तीवर चिकटवला.

प्रदर्शनाला पाहुणे आले. कडक इस्त्रीचे कपडे, मागं पुढं माणसं. माझ्या चार्टपाशी थांबले. दिग्दर्शकाच्या फोटोवर बोट ठेवलं.

“वा! कोणत्या गावचे गं हे?”

मी तोंड उघडायच्या आत सर पुढं. “आपलेच पावणे, साहेब. आपल्या केदारखेड्याच्या लग्नात...”

“थांबा सर. इथं लिहिलंय.”

मी कागदाखाली नख घातलं. टर्रकन ओढलं. कागदाबरोबर निम्मी अक्षरं गेली, पण मला पाठ होतं. मोठ्यानं म्हटलं. जन्म. गावाबाहेरची वस्ती. ढोरं. दार.

आता नीट ऐका. मी थापा मारते. पण यात शेळी नाही. पाहुण्यांचं बोट फोटोवर होतं. वस्ती म्हटलं तसं ते उचललं गेलं. ढोरं म्हटलं तसा खिशातून रुमाल निघाला. त्यांनी बोट पुसलं. फोटोला लागलेलं. कागदाच्या फोटोला.

“साहेब, पोरगी फेकाडी आहे,” सर म्हणाले. “हिच्या शेळीनं बिबट्या उचलला होता. गावात कोणालाबी विचारा.”

सगळे हसले. पाहुणेही हसले. केवढी सुटका झाली त्यांची त्या हसण्यानं! कोणीतरी माझा चार्ट भिंतीकडं तोंड करून ठेवला. पहिला नंबर ओंकारचा आला. त्याच्या चार्टवर लिहिलं होतं, ‘एका सुसंस्कृत घराण्यात जन्म.’

दुसऱ्या दिवशी अण्णांना शाळेत बोलावलं. सर म्हणाले, “तुमच्या पोरीला खरं-खोटं कळत न्हाई.” अण्णा हात बांधून उभे होते. त्यांनी हात सोडले.

“चार्ट द्या आमचा.”

एवढंच. चार्ट काखेत धरून ते पुढं, मी मागं.

त्यांच्या थापेला घराणं असतं, म्हणून तिचं चरित्र होतं. माझ्या खऱ्याची गंमत होते. हे मी तिथं शिकले. पुस्तकात नव्हतं.

आता मी जुन्या जालन्यात एका फोटोवाल्याकडं काम करते. लग्नाचं शूटिंग. मोठमोठ्या घरात कॅमेरा खांद्यावर टाकून जाते. पहिल्यांदा सगळे गोड बोलतात. गोड बोललं की माझा हात अजून दप्तर शोधतो. मंग एखादी काकू हळूच जवळ येते.

“आडनाव काय म्हणाली गं तू? गाव कोणतं?”

शेळीची गोष्ट मी सोडलेली नाही. हल्ली ती दोन बिबटे उचलते. पण या प्रश्नाला थाप नाही. मी गाव सांगते. गावातलं अंग सांगते. वस्ती सांगते. काकूला विचारायची तसदी पडू देत नाही, आणि बोहल्यावरच्या नवरदेवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. एकदा एकांनी शूटिंग तिथंच बंद करायला लावलं. फोटोवाला चिडला. म्हणाला, “जरा हळू बोलली असती तर?”

हळू बोलणार नाही. पहिला परिच्छेद पहिलाच राहील. ज्याला बोट पुसायचं त्यानं खुशाल पुसावं.

मी आधी कॅमेरा चालू करते, मंग बोलते.