एका रात्रीची दोन गावं

कवडूभाऊ नाटकाची तारीख देताना खुर्चीतून उठून उभे राहत. टोपी सरळ करत आणि म्हणत, "देल्ली तारीख. आता मी मेलो तरी नाटक येते." वडशात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं बुकिंग करणारी ऑफिसं पुष्कळ, हे दृश्य मात्र आमच्याच ऑफिसात दिसे.

भाऊ तिथे बुकिंग घेत; मी हंगामापुरता हँडबिलं लिहायला होतो. लहानपणापासून कामगार चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला. प्रत्येक अन्यायामागे एक अन्यायी असतो, याबद्दल मला शंका नव्हती. भाऊ मला 'कामरेड' म्हणून चिडवत.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. ऑफिसात तारेनं जोडलेले तीन कॉम्प्युटर आले. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, तारखांची फाईल. तीच फाईल उघडून भाऊ एकावर आणि त्यांच्यासोबत बुकिंग घेणारी सुनंदा दुसऱ्यावर नोंदी करायचे. ऐन हंगामात हँडबिलं लिहायला घेतली तेव्हा मला एकाच नाटक कंपनीच्या एकाच रात्रीला दोन गावं दिसली. सकाळी भाऊंनी ती रात्र चामोर्शीकडच्या गावाला दिली होती, दुपारी सुनंदानं पोंभुर्ण्याकडच्या.

ऑफिसचे मालक सुनंदावर ओरडले, "मागून लिहिलं तूच. उद्यापासून येऊ नोको."

ती रडली नाही. "मले रिकामीच दिसली ते तारीख," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मी मालकांना कामगारांच्या हक्कांवर सुनवायला लागलो. भाऊंनी माझा हात धरला. "भाषण नोको देऊ. नागपूरले फोन लाव."

कॉम्प्युटर बसवून गेलेला माणूस फोनवर म्हणाला, "सर्व्हर एका मशीनला फाईलचं कुलूप देतो. मग ती मशीन नोंद आपल्याजवळच ठेवून घेते, दुसरीला जुनंच दिसतं. ते कुलूप देणं बंद करा."

"कुलूप काढलं त माल जास्त सांभाळून राह्यते?" भाऊंनी विचारलं.

"हो."

भाऊ माझ्याकडे वळले. "तुले समजलं, कामरेड?"

"नाही."

"मलेई नाई. काढ."

तो सांगत गेला तसं मी करत गेलो. काम मंदावलं, पण भाऊंनी तपासायला खोटी नोंद टाकली की ती सुनंदाला लगेच दिसू लागली. मालकांनी विचारलं, "मंग चूक कोणाची?"

"पोट्टीची नाई, एवढं समजलं मले," भाऊ म्हणाले.

"आन् पोंभुर्ण्याकडच्या गावाले नाटक येत नाई म्हून कोण सांगते?"

"मी," भाऊ म्हणाले. सुनंदा आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

भाऊ आणि मी पोहोचलो तेव्हा त्या गावात मांडव उभा राहत होता. एक बाई पुढे आली. "नाटकासाठी लेक आणली मी सासरहून. आन् मशीनीनं नाटक खाल्लं म्हणता?"

भाऊ कुलपाची गोष्ट सांगू लागले आणि मध्येच अडकले. मी सांगू लागलो, मीही अडकलो.

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ते राहू द्या. आमी शिव्या कोणाले द्याच्या, ते सांगा."

मी मनात नाव शोधत होतो. मालक? नागपूरचा माणूस? सर्व्हर? एकही बसेना.

भाऊ मांडवात खाली बसले. "मले द्या. कोणाले त द्याच लागते."

गावकऱ्यांनी दिल्या. मनसोक्त दिल्या. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. थोड्या वेळानं त्याच बाईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. "प्या, भाऊ. अजून सरल्या नाईत आमच्या."

मी भाऊंच्या शेजारी जाऊन बसलो. उरलेल्या शिव्यांत माझाही वाटा असू दे, एवढंच वाटलं.